फ्यूज की एमसीबी, हे ठरवण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय: घर, शेतपंप आणि लहान कारखान्यांतील फ्यूज व एमसीबीची निवड

उन्हाळा लागला की घरोघरी कूलर, फ्रिज, एसी एकदम चालू होतात, उसाला पाणी द्यायला पंप लाइट असेल तेवढा वेळ धावतात आणि सांगली-मिरजेच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो: "जुना फ्यूज काढून एमसीबी बसवला तर चालेल ना?" "चालेल की, बसवा," असे उत्तर मिळते. ते चुकीचे नाही, पण अर्धे आहे. एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका, बसतो, आठवड्यात चार वेळा पडतो, घरचे वैतागतात, मग १६ अँपियरच्या जागी ३२ चा येतो आणि तो पडायचा थांबतो. काम झाले असे सगळ्यांना वाटते. खरे तर त्या दिवसापासून त्या घराच्या भिंतीतली वायर उघड्यावर पडलेली असते. या विषयावर सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

फ्यूज असो वा एमसीबी, दोघांचे काम एकच, वायर वाचवणे. वायर तापून तिचे पीव्हीसी वितळण्याआधी प्रवाह तोडायचा, एवढ्यासाठी ते तिथे असतात. मोटर वाचवणे हे वेगळे काम, माणूस वाचवणे हे त्याहून वेगळे. ही तीन कामे एकमेकांत मिसळली की सगळे घोटाळे सुरू होतात.

वायर वाचवायची तर अँपियरचा आकडा वायर बघून ठरतो, उपकरणे बघून नव्हे. पाइपातून टाकलेल्या तांब्याच्या वायरीला १ एमएमसाठी ६ अँपियर, दीड एमएमसाठी १०, अडीचसाठी १६, चारसाठी २० आणि सहा एमएमसाठी ३२ अँपियरचा एमसीबी, हा हिशेब सुरक्षित आहे. बाजारात ज्याला एमएम म्हणतात ते म्हणजे चौरस मिलिमीटर, वायरीच्या तांब्याचे क्षेत्रफळ. अडीच एमएमची वायर पाइपात २० अँपियरच्या आसपास झेपते. तिच्यातून ३२ अँपियर सतत नेले तर उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीचपट होते. एका पाइपात अशा सहा-आठ वायरी कोंबलेल्या असतील तर प्रकरण आणखी वाईट. आणि ३२ चा एमसीबी बरोबर ३२ ला पडत नाही. त्याला ४६ अँपियरपर्यंत एक तास धरून राहण्याची मुभा आहे.

मग जुना १५ अँपियरचा फ्यूज वर्षानुवर्षे टिकला आणि नवा १६ चा एमसीबी मात्र सारखा पडतो, असे का? याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमधली तार तिच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट प्रवाहाला वितळते. म्हणजे १५ अँपियरचा फ्यूज २७-२८ अँपियर तासन्तास वाहू देऊ शकतो. एमसीबीचे तसे नाही. १६ च्या एमसीबीने १८ अँपियरला तासभर पडू नये आणि २३ अँपियरला तासाच्या आत पडलेच पाहिजे, असे मानक सांगते. आता स्वयंपाकघराचा हिशेब करा. ३ किलोवॅटचा गीझर १३ अँपियर घेतो, २ किलोवॅटची इंडक्शन शेगडी ८.७ आणि १,००० वॅटची इस्त्री ४.३. एकूण २६. किटकॅट हे सगळे मुकाट सहन करत होता आणि वायर आतल्या आत भाजत होती. एमसीबी काही मिनिटांत पडतो. एमसीबी खराब नाही, तो खरे तेच सांगतो आहे. उपाय म्हणजे गीझरला बोर्डापासून स्वतंत्र अडीच एमएमची वायर आणि तिचा स्वतःचा १६ चा एमसीबी. शेगडीला तसेच. हे काम करायला भिंतीत एक पाइप जास्त टाकावा लागतो, म्हणून ते टाळले जाते.

याचा अर्थ किटकॅट टाकाऊ, असा नाही. त्यात योग्य जाडीची तार असेल तर तो आपले काम करतो. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची फ्यूज तार ५ अँपियरला ०.२० मिमी, १० ला ०.३५, १५ ला ०.५०, २० ला ०.६० आणि ३० अँपियरला ०.८५ मिमी जाडीची लागते. दुकानात अँपियर सांगून ती मिळते आणि चहाच्या किमतीत वर्षभराचा साठा होतो. पण फ्यूज नेमका रात्री जातो, घरात तार नसते आणि हाताला लागेल ती वायर सोलून त्यातली एक काडी घातली जाते. घरातल्या नेहमीच्या मऊ वायरीतली प्रत्येक काडी ०.३० मिमीची असते. दीड एमएममध्ये अशा २२, अडीचमध्ये ३६. एक काडी वितळायला साधारण १३ अँपियर लागतात. म्हणजे ५ अँपियरच्या लाइटच्या सर्किटला एक काडी घातली तरी ती जास्तच झाली आणि "परत जायला नको" म्हणून तीन पिळून घातल्या, तर ३० च्या पुढे गेल्याशिवाय काही होणार नाही. तिथली वायर मात्र १ एमएमची, जेमतेम १०-१२ अँपियरची. आता आधी वायर जळेल, फ्यूज नंतर.

फ्यूज बांधण्याचीही रीत आहे. आधी मेन स्विच बंद. मग वरचा धरणारा भाग सरळ ओढून काढायचा आणि जळालेली तार बघायची. तार मधोमध गोळी होऊन तुटली असेल आणि चिनी माती स्वच्छ असेल, तर जास्त लोडने गेली. तार पूर्ण उडून गेली असेल, आत काळे झाले असेल आणि तांब्याचे बारीक शिंतोडे चिकटले असतील, तर शॉर्ट सर्किट. मग दोष सापडेपर्यंत नवी तार घालण्यात अर्थ नाही, कारण दुसरी तार तोंडासमोर उडेल. शिंतोडे खरवडून काढायचे, नाहीतर पुढच्या वेळी त्यांच्यावरून ठिणगी चालत राहते. नवी तार एकच, दोन नाहीत. स्क्रूभोवती स्क्रू आवळण्याच्या दिशेने एक वेढा, खोबणीतून किंवा नळीतून सैलसर नेऊन दुसऱ्या स्क्रूला तसाच वेढा. ताणून बांधली तर स्क्रूपाशी बारीक होते आणि विनाकारण जाते. सैल आवळली तर स्क्रू तापून पितळ काळे पडते. टोके कापायची. आणि फ्यूज फक्त फेजवर. न्यूट्रलला फक्त लिंक, म्हणजे न वितळणारी सलग पट्टी. जुन्या वाड्यांत अजून दोन्ही वायरींवर किटकॅट दिसतात. न्यूट्रलचा फ्यूज गेला की दिवा बंद होतो, पण फेज होल्डरपर्यंत जिवंत असतो. लाइट गेली असे समजून कोणी बल्ब काढायला हात घातला की शॉक लागतो. असे बोर्ड असतील तर एमसीबीची वाट न बघता न्यूट्रलचा फ्यूज आधी काढून तिथे लिंक बसवावी.

घरासाठी आमचे मत स्पष्ट आहे: एमसीबीच घ्यावा. कारण साधे आहे, त्यात तार घालून फसवणूक करता येत नाही. त्याच्या आत दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी, जास्त लोडने तापून वाकते आणि खटका सोडते. दुसरी कॉइल, शॉर्ट सर्किट झाला की सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या सुमारास खटका ओढते. खटका वर धरून ठेवला तरी आतला संपर्क सुटतोच, त्यामुळे बोट दाबून चालवण्याचा उपयोग नाही. खटका वर करताक्षणी पडला तर शॉर्ट सर्किट समजावा. वीस मिनिटांनी पडला तर लोड जास्त आहे, किंवा स्क्रू सैल होऊन एमसीबीच तापतो आहे. हात लावून बघावा, शेजारच्यापेक्षा जास्त गरम लागला तर मेन बंद करून स्क्रू तपासावेत. वायरीचे टोक सोल्डर केले तर ते स्क्रूखाली दबत जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत सैल होते. सोल्डरऐवजी पिन लग, म्हणजे टोकावर बसवायची धातूची टोपी, दाबून घ्यावा. इन्सुलेशन क्लॅम्पखाली अडकले तर वरून घट्ट वाटते, आत तांब्याला पकड नसते.

एमसीबीवर आकड्याआधी एक अक्षर असते, बी किंवा सी. ते कोणी वाचत नाही आणि दुकानात जे असेल ते दिले जाते. बी प्रकारची कॉइल आकड्याच्या ३ ते ५ पट प्रवाहाला सुटते, सी प्रकारची ५ ते १० पट, डी प्रकारची १० ते २० पट. दिवे, गीझर, इस्त्री यांना बी पुरतो. एसी, पाण्याची मोटर, फ्रिज चालू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतात, म्हणून त्यांना सी. हा फरक शहरातल्या फ्लॅटमध्ये फारसा जाणवत नाही, मळ्यातल्या वस्तीवर मात्र जाणवतो. मीटरपासून २०० मीटरवर घर आहे आणि तांब्याची ४ एमएम वायर नेली आहे असे धरा. या वायरीचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम. जाऊन-येऊन ४०० मीटर म्हणजे १.८४ ओहम. त्या टोकाला शॉर्ट सर्किट झाला तरी २३० भागिले १.८४, म्हणजे जास्तीत जास्त १२५ अँपियर वाहतील, डीपीपासूनची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासूनची, लाइन धरली तर आणखी कमी. बी १६ हा ८० अँपियरला नक्की सुटतो, त्यामुळे तो तत्क्षणी पडेल. सी १६ हा ८० ते १६० च्या मध्ये कुठेही सुटू शकतो, त्यामुळे खात्री नाही. आणि सी ३२ असेल तर कॉइल हलणारही नाही. दोन धातूंची पट्टी तापेपर्यंत काही सेकंद तिथे ठिणगी जळत राहील. कडब्याची गंजी शेजारी असेल तर तेवढे पुरते. लांबच्या लाइनला वायर जाड आणि एमसीबी बी प्रकारचा, आणि तो लाइनच्या सुरुवातीला, म्हणजे मीटरपाशी. घरात बसवला तर मधले २०० मीटर बेवारस राहतात.

एमसीबी घेताना आयएसआय शिक्क्याखालचा सीएम/एल परवाना क्रमांक बघावा, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो. वर आयएस/आयईसी ६०८९८ असे मानक आणि चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा हवा. हा आकडा म्हणजे शॉर्ट सर्किटचा किती अँपियर प्रवाह तो स्वतः न फुटता तोडू शकतो. हा आकडा नसलेला एमसीबी स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात तापणाऱ्या लोखंडी पेटीत एमसीबी बसवला तर तो लवकर पडतो, कारण त्याचा आकडा ३० अंश तापमानाचा धरलेला असतो. पेटीत ५५-६० अंश झाले की १६ चा एमसीबी १३-१४ सारखा वागतो. त्यावर उपाय पेटी सावलीत नेणे हा आहे, मोठा एमसीबी हा नाही.

आता माणसाचे. इथे फ्यूज आणि एमसीबी दोन्ही सारखेच निरुपयोगी, हे कितीही वेळा सांगितले तरी कमी आहे. ओल्या पायाने उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून २३० व्होल्टला १०० ते २०० मिलिअँपियर जातात. हृदयाची लय बिघडायला याहून कमी पुरतात. ५ अँपियरचा फ्यूज म्हणजे ५,००० मिलिअँपियर. त्याला माणूस चिकटला आहे हे कळतच नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ज्याला आपल्याकडे अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह तो सतत ताडून बघतो. फरक ३० मिलिअँपियरचा झाला की ०.३ सेकंदाच्या आत तोडतो. पण तो लोड किंवा शॉर्ट सर्किट बघत नाही, म्हणून त्याच्या जोडीला एमसीबी हवाच. दोन्ही एकाच पेटीत हवे असतील तर आरसीबीओ मिळतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात धरले तर आरसीसीबी वाचवत नाही, हेही माहीत असू द्यावे.

आरसीसीबी बसवला की पहिल्या पावसात तो पडायला लागतो आणि वायरमन त्याला बाजूला काढून सरळ वायर जोडून देतो. असे करू नये. तो पडतो तेव्हा बहुतेक वेळा ओली भिंत, गीझरची फुटलेली कॉइल किंवा बाहेरचा दिवा यांतून खरोखर गळती असते. नाहीतर दोन सर्किटांचे न्यूट्रल पुढे एकत्र जोडलेले असतात, किंवा कुणी न्यूट्रल आणि अर्थ एकाच स्क्रूला आवळलेले असतात. सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावा आणि एकेक सर्किट चालू करत जावे. ज्याने पडेल त्या सर्किटमध्ये दोष. सगळे खाली असतानाही पडला, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागला आहे. त्यावरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे. बटण दाबून तो पडला नाही तर तो आत अडकला आहे, बदलावा. मात्र बटण चालले म्हणजे अर्थिंग चांगले आहे असे नव्हे. अर्थिंग वेगळे मोजावे लागते.

अर्थिंग चांगले असेल तर फ्यूज जाईलच की, असे शेतकरी म्हणतात. आकडे बघू. पंपाचे अर्थिंग ५ ओहम, म्हणजे माळावरच्या जमिनीत बरेच चांगले, आणि डीपीचे २ ओहम. मोटरच्या बॉडीला फेज लागला तर २३० भागिले ७, म्हणजे ३३ अँपियर वाहतात. २० अँपियरचा एचआरसी फ्यूज (वाळू भरलेल्या बंद नळीचा) ३३ अँपियरला जायला अर्धा-पाऊण तासही घेऊ शकतो. सी १६ चा एमसीबी मिनिटभर किंवा जास्त. तोवर मोटरच्या बॉडीवर, पाइपावर, स्टार्टरच्या पेटीवर १६० व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि जमीन ओली असते. शेतपंपाला १०० मिलिअँपियरचा चार खांबी (तिन्ही फेज आणि न्यूट्रलचा) आरसीसीबी बसवला तर हाच दोष डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तुटतो. सबमर्सिबलच्या लांब केबलमधून थोडी गळती नेहमीच असते, म्हणून तिथे ३० चा सारखा पडू शकतो आणि १०० चा व्यवहार्य ठरतो. जनावरांच्या गोठ्याला, घराला मात्र ३० चाच. चार खांबी आरसीसीबीला न्यूट्रल जोडला नाही तर काही बनावटींत टेस्ट बटण चालत नाही, तेवढे बसवताना बघून घ्यावे.

पंपाच्या बाबतीत मात्र फ्यूजला आमची पसंती आहे, अर्थात एचआरसी फ्यूजला, आणि सोबत ओव्हरलोड रिलेला. ५ एचपीची तीन फेजची मोटर ८ अँपियरच्या आसपास घेते, पण थेट चालू करताना काही सेकंद ५० अँपियर ओढते. फ्यूजने हा धक्का सहन करायला हवा, म्हणून तो मोठाच घ्यावा लागतो, साधारण २० अँपियरचा. आणि मोठा घेतला म्हणजे तो मोटर वाचवू शकत नाही. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजांवर मोटर घरघरत चालत राहते आणि प्रवाह १.७३ पट होतो, म्हणजे १४ अँपियर. वाइंडिंगची उष्णता तिप्पट, पण २० चा फ्यूज १४ अँपियरला कशाला जाईल? मोटर भरून आणण्याचा खर्च हा असा येतो. हे थांबवणाऱ्या वस्तू म्हणजे स्टार्टरमधला रिले, जो जास्त लोडला मोटर बंद करतो, आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, जो एक फेज गेला की ती बंद करतो. रिलेची चकती मोटरच्या पाटीवरच्या अँपियरला लावावी. बहुतेक स्टार्टर उघडून बघितले तर ती शेवटच्या आकड्यावर फिरवलेली दिसते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा वाइंडिंगच्या शाखेत असतो, तिथे पाटीवरच्या आकड्याला ०.५८ ने गुणावे. पाटीवर १५ अँपियर असेल तर रिले ८.७ वर. हे ठाऊक नसल्याने १५ वर लावलेला रिले कधीच पडत नाही.

फ्यूजऐवजी एमसीबी हवाच असेल तर तीन खांबी घ्यावा, म्हणजे एका फेजमध्ये बिघाड झाला तरी तिन्ही एकदम तुटतात. ५ एचपीला सी १६ चालतो. सी १० ची कॉइल ५० अँपियरपासून सुटू शकते, त्यामुळे मोटर चालू होतानाच पडेल. खर्च झेपत असेल तर मोटर संरक्षक ब्रेकर घ्यावा, त्यावर अँपियर फिरवून लावता येतात आणि एक फेज गेला तरी तो ओळखतो. पण शेतातल्या पेटीत धूळ, ओल, मुंग्या, पाली, कुंभारमाशीची घरे हे सगळे असते. एचआरसी फ्यूजमध्ये हलणारा भागच नाही. वाळूने भरलेली बंद नळी, दहा वर्षांनीही तसाच प्रवाह तोडते. एमसीबी वर्षानुवर्षे न हलवता ठेवला तर आत जड होतो, म्हणून सहा महिन्यांतून दोन-तीन वेळा खालीवर करावा.

डीपीवरचे फ्यूज वारंवार का जातात, याचेही एक कारण शेतातच आहे. लाइट आली की ऑटो स्विचमुळे सगळे पंप एकाच क्षणी चालू होतात. १०० केव्हीएच्या डीपीचा पूर्ण लोड १३३ अँपियर. तिच्यावर ५ एचपीचे १२ पंप असतील तर चालताना ९६ अँपियर, म्हणजे व्यवस्थित. पण बारा एकदम उठले तर ५७० अँपियरच्या पुढे. व्होल्टेज खाली बसते, मोटारी वेग घेत नाहीत, फ्यूज जातो. मग कोणीतरी लाइनच्या तारेची ॲल्युमिनियमची काडी घालतो. लाइनच्या वीझल नावाच्या तारेची एक काडी २.५९ मिमीची असते, ती वितळायला २४० अँपियरच्या आसपास लागतात. आता फ्यूज जाणार नाही, डीपी जाईल, आणि पूर्ण शिवार बसून राहील. ऑटो स्विच काढावेत, किंवा प्रत्येक स्टार्टरला टायमर लावून एकेक पंप अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने उठेल असे ठेवावे. सोबत योग्य कॅपॅसिटर असला तर प्रवाहही उतरतो. डीपीच्या पेटीला हात घालणे हे लाइनमनचेच काम, लाइन बंद असल्याची खात्री त्यालाच करता येते. पलीकडच्या इन्व्हर्टर किंवा जनरेटरमधून उलटी वीज आली तर बंद वाटणारी तारही जीव घेते.

कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा विट्याच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये प्रश्न उलटा असतो. तिथे ट्रान्सफॉर्मर जवळ आणि मोठा. १०० केव्हीएच्या डीपीपाशी शॉर्ट सर्किटला सुमारे ३ हजार अँपियर मिळतात, पण ५०० केव्हीएच्या पॅनेलवर १३ ते १५ हजार. किटकॅटची ताकद २ ते ४ हजारांची, तो तिथे अक्षरशः फुटतो. १०,००० छापलेला एमसीबीही त्या पॅनेलवर एकटा पुरत नाही. त्याच्या मागे एचआरसी फ्यूज हवा, जो ८० हजार अँपियरपर्यंत तोडू शकतो आणि प्रवाह शिखरावर पोचण्याआधीच कापतो. एमसीबी बनवणाऱ्याच्या तक्त्यात मागे जास्तीत जास्त किती अँपियरचा फ्यूज चालेल ते दिलेले असते, तो आकडा पाळावा. कारखान्यात म्हणूनच "फ्यूज की एमसीबी" असे नसते, फ्यूज मागे आणि एमसीबी पुढे. एचआरसी गेला तर तिन्ही फेजांचे फ्यूज एकदम बदलावेत, उरलेले दोन आतून भाजलेले असतात. आणि त्यात तार गुंडाळून चालवू नये, कुठल्याही कारणाने.

सौर पंप आणि छतावरचे पॅनेल आता गावोगाव आहेत, म्हणून एवढेच: त्यांची डीसी बाजू घरच्या एसी एमसीबीने सांभाळता येत नाही. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते, डीसीत ती विझत नाही. डीसीचा म्हणून छापलेला ब्रेकर किंवा सौर फ्यूजच हवा, आणि उन्हात लोड चालू असताना फ्यूज ओढून काढायचा नाही.

शेवटी कृष्णेकाठच्या घरांचे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीत असंख्य तळमजल्यांत मीटरच्या वरपर्यंत पाणी होते. पाण्यात बुडालेला एमसीबी आणि आरसीसीबी उन्हात वाळवून परत वापरू नये. आत गाळ बसतो, स्प्रिंग गंजते, खटका वरून चालतो आणि वेळेला आतून अडकतो. बुडालेला एचआरसी फ्यूजही टाकावा, वाळूत ओल गेली की तो भरवशाचा राहत नाही. किटकॅटची चिनी माती तेवढी धुऊन, स्क्रू घासून, पूर्ण वाळवून परत घेता येते. मेगरने वायरींचे इन्सुलेशन मोजून १ मेगओहमच्या वर आल्याशिवाय मेन चालू करू नये. ज्यांना बोर्ड नव्याने बसवायचा आहे त्यांनी तो वरच्या मजल्यावर न्यावा आणि तळमजल्याची सगळी सर्किटे एका वेगळ्या आरसीसीबीवर घ्यावीत. पाणी दारात आले की तो एक खटका खाली करायचा, वरच्या मजल्यावर उजेड राहतो.

कळावे,
आपला,
एक परवानाधारक वीज कंत्राटदार
मिरज, जि. सांगली